आत्याच्या गाडीचा उठाव

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. कधी, तर करोनानंतर लग्नं पुन्हा दणक्यात लागायला लागली त्या वर्षीच्या भाऊबीजेला, भर दुपारी. कुठं, तर नांदेडात, उड्डाणपुलाच्या चढावर. कुणी केला, याचं उत्तर जरा लांबलचक आहे. त्यात लातूरचा एक दुकानदार आहे, आत्याचे यजमान आहेत, माझे वडील आहेत, एक ऑटोवाला आहे आणि लाल रंगाचा एक पाइप आहे. पत्रकं लिहून लिहून मला खोडच लागलीय, की कोण, कधी, कुठं हे आधी सांगून मोकळं व्हायचं. नावं मात्र घालत नाही. सगळी आमचीच माणसं आहेत.

अकरावीला मी नांदेडहून लातूरला आत्याकडं राहायला गेले. आमच्याकडं हे ठरलेलंच असतं. मुलगी अभ्यासात जरा बरी निघाली की टाका तिला लातूरला. माझ्या वर्गातल्या बाकीच्या मुली होस्टेलला होत्या, मेसच्या पातळ वरणावर. मला आत्या होती. आत्या सरकारी दवाखान्यात नर्स, बाळंतिणींच्या वॉर्डात. तिचे यजमान जिल्हा परिषदेत नोकरीला. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. त्यांचा मुलगा शिकून बाहेरगावी गेलेला, त्यामुळं घरात एक खोली, एक टेबल आणि एक पंखा माझी वाट बघत होते. बारावी झाली, डॉक्टर-इंजिनियर काही झाले नाही, तिथंच कॉलेजला राहिले, आणि एका छोट्या संघटनेत शिरून पत्रकं लिहायला लागले. मुलींच्या बसपासवर लिहिलं, होस्टेलच्या पाण्यावर लिहिलं, फूटपाथवर लिहिलं. आत्या म्हणायची, "लिही गं माय, पण आधी चार घास खा."

आणि आत्याची गाडी होती. पांढरी, छोटी, पेट्रोलवर चालणारी, जुनी घेतलेली. पण घेतली होती आत्यानं, स्वतःच्या नावावर. लायसन तिनं चाळिशी उलटल्यावर काढलं. मामांना गाडी येत होती, पण ते मोटारसायकलवरच खूश असायचे. गाडी म्हणजे आत्याची, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. किल्ली तिच्या पर्समध्ये, पर्स तिच्या खांद्याला.

तिच्यासारखी गाडी चालवणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही. लोकांना वाटायचं, बाई हळू चालवते. हळू वगैरे काही नाही. नांदेडला आम्ही बाकीच्यांएवढ्याच वेळात पोचायचो. फक्त आत्या गाडीला ओरडू द्यायची नाही. इंजिनाचा आवाज जरा चढला की तिचा हात गिअरवर गेलेला असायचा. वॉर्डात पेशंट झोपलेले असताना चालायची जी सवय, तीच तिच्या पायात उतरलेली. महिन्यातल्या एखाद्या रविवारी आम्ही लातूरहून निघायचो. चाकूर मागं पडायचं, अहमदपूरला चहा व्हायचा, लोह्याच्या पुढं गेलं की मला नांदेडचा वास यायला लागायचा. असा काही वास नसतो, पण मला यायचा. हिवाळ्यात दोन्ही बाजूंना तुरी उभ्या असायच्या. आत्या काच खाली करायची, मामा ती वर करायचे, आत्या पुन्हा खाली करायची. "धूळ येतीय की गं," मामा म्हणायचे. "हवा बी येतीय," आत्या म्हणायची. गाडीत टेप नव्हता. आत्या वॉर्डातल्या गोष्टी सांगायची, नाहीतर गप्प बसायची, आणि ते गप्प बसणंसुद्धा फार बरं वाटायचं. आजही कधी दुपारी एखादी छोटी गाडी शेजारून गुमान निघून गेली की मी वळून बघते. रंग पांढरा असला तर जास्तच वेळ बघते.

तिनंच मला गाडी शिकवली, औशाच्या रस्त्यावर, रविवारी सकाळी. चढ आला की मी घाबरून पाय जोरात दाबायचे. गाडी किंचाळायची. आत्या हसायची. "अगं, वॉर्डात नवी पोरगी आली की असंच करती," ती म्हणायची. "नुसती ओरडती. मी म्हणते, ओरडण्यात जोर घालू नको गं माय, जोर खाली लाव. गाडीला बी तेच. खाली जोर हाय तिच्यात, तो वापर." मग ती क्लच कसा अर्धा सोडायचा, गाडी पुढं सरकू बघतेय हे पायाला कसं कळतं, ते दाखवायची. त्या सरकू बघण्याला आमच्याकडं उठाव म्हणतात. उभी गाडी, पहिला गिअर, आत माणसं भरलेली, समोर चढ, आणि तरी गाडी खालून उचलल्यासारखी निघते, तो उठाव. हा शब्द नीट लक्षात ठेवा. सगळा घोळ ह्याच्यामुळं झाला.

त्या वर्षी सोयाबीनच्या सुगीत आम्ही दर शनिवारी रेणापूरकडं मामांच्या शेतात जायचो. मळणी यंत्र चालू, भुसा उडतोय, आणि गाडी त्याच्याशेजारीच सावली बघून लावलेली. गाडीवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. सुगी संपली आणि आत्या म्हणायला लागली, "उठाव कमी वाटून राहिला गाडीला." धूळ बाहेर दिसत होती तेवढीच आतही गेलेली असणार. इंजिनात हवा जाते ती कागदाच्या एका फिल्टरमधून गाळून जाते. तो गच्च भरला होता. जुना काढून नवा कागद टाकायचा, एवढंच काम होतं. हे आज मी ठणकावून सांगते. तेव्हा आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत असायला पाहिजे होतं त्यानं सांगितलं नाही.

तो म्हणजे दुकानदार. लातुरात गाड्यांना सीटकव्हर, लायटी, हॉर्न असलं सगळं लावून देणारं दुकान. मामा म्हणाले ओळखीचा आहे, म्हणून तिथं गेलो. मी मागच्या सीटवर बसपासच्या पत्रकांच्या घड्या घालत होते.

"दादा, गाडीला उठाव न्हाई राहिला," आत्या म्हणाली.

"उठाव पाहिजे? आणून देतो की मॅडम," तो म्हणाला आणि बोनेट उघडलं. आतल्या एका काळ्या प्लास्टिकच्या डब्यावर त्यानं टिचकी मारली. "हे बघा. कंपनीनं इंजिनाचं नाक दाबून ठेवलंय. हे डबडं काढू, हा लावू." आत जाऊन तो एक लाल चकचकीत पाइप घेऊन आला. टोकाला जाळीचा फिल्टर, एखाद्या उलट्या नरसाळ्यासारखा. "बोनेट खोललं की माणूस बघतच राहील. असला उठाव येतो!"

"आन् विकायच्या टायमाला?" मामांनी विचारलं.

"साहेब, सेकंडच्या बाजारात असल्या गाडीला लई उठाव हाय."

"विकायची कुणाला हाय?" आत्या म्हणाली. "मला चढाला पाहिजे."

"चढाला तर रॉकेट, मॅडम. इंजिन मोकळा श्वास घेणार."

आता बघा. दुकानदार बोलत होता तो रंगाचा उठाव, साडीला काठामुळं येतो तसला. मामांच्या डोक्यात आडतीवरचा उठाव, माल पटकन उचलला जाण्याचा. मागं माझ्या मांडीवर पत्रकं, त्यांच्यावर मोठ्या अक्षरात 'विद्यार्थिनींचा उठाव'. तिघांचाही शब्द बरोबर होता आणि तिघांपैकी एकालाही आत्याला काय पाहिजे ते कळलं नाही. दुसऱ्या गावात असा घोळ झाला नसता. तिकडं लोक पिकअप म्हणतात, आणि पिकअपला काठ नसतात. आमच्याकडं उठाव मागितला, आणि लाल उठाव मिळाला.

पाइप बसला. गाडी चालू केली, तर आवाज असा की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला. मामांचा चेहरा खुलला. "ऐक, ऐक! वाघ हाय वाघ!"

"वाघ कशाला? मला दवाखान्यापुढं लावायची हाय ती," आत्या म्हणाली. मग दुकानदाराला म्हणाली, "तो जुना डबा द्या की परत."

"काय करता मॅडम? डिकीत जागा अडेल. राहू द्या माझ्याकडं."

राहू दिला. मोठ्या बाजारात आपल्याकडं अजून असंच चालतं. माणूस मॅडम म्हणाला की बाईचा पुढचा शब्द तोंडातच राहतो.

मग भाऊबीज आली. भावाला ओवाळायला आत्या नांदेडला निघाली, गाडीत ती, शेजारी मामा, मागं मी आणि फराळाचे डबे. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळत होती, उलट जास्तच खुशीत पळत होती. मामा म्हणाले, "बघ, म्हणत होतो न्हवं मी?" लोह्यात गर्दी लागली तेव्हा गाडी दोनदा आचके देऊन पुढं गेली. आत्यानं एसी बंद केला, काच खाली केली. मामांनी ती वर केली नाही. त्या दिवशी आवाजामुळं गाडीत ओरडूनच बोलावं लागत होतं.

नांदेडात उड्डाणपुलावर सणाची गर्दी. गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या, आणि चढाच्या बरोबर मध्ये सगळं थांबलं. ऊन टाळूवर. बोनेटमधून गरम वाफा. मागं ऑटो चिकटलेला. पुढची गाडी हलली. आत्यानं हँडब्रेक धरला, पहिला टाकला, क्लच अर्धा सोडला, तिच्या रोजच्या पद्धतीनं. गाडीनं धाप टाकली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली. पुन्हा धाप, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी जराशी मागं आली आणि ऑटोला टेकली. टेकलीच फक्त. पण हॉर्न असे सुरू झाले की जणू कुणाच्या पायावरून चाक गेलंय.

ऑटोवाला उतरून खिडकीशी आला. "ओ मावशी! कुटं शिकल्या गाडी? काका, तुमी बसा की. लेडीज हाय, चढाला न्हाई जमत त्यायला."

मामा उतरले. वळसा घालून आले आणि दार उघडून उभे राहिले. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. आत्या गिअरवरून पाय काढत शेजारच्या सीटवर सरकली. मामांनी इंजिन इतकं ओरडवलं की मी कानावर हात ठेवले, आणि मग क्लच सोडला. जळका वास सुटला. गाडी चढली.

"बघा!" मागून ऑटोवाला ओरडला. "गाडी तीच!"

माझ्या आत्यावरचं आरोपपत्र म्हणजे हे दोन शब्द. गाडी तीच. माणूस बदलला आणि गाडी चढली, म्हणजे दोष कुणाचा, सांगा. पुलावर उभ्या सगळ्यांना ते पटलं. मामांना पटलं. आणि मला वाटतं, त्या क्षणी आत्यालासुद्धा पटलं.

घरी वडिलांना मामांनी हसत हसत सगळं सांगितलं. वडील पाटावर बसले, आत्यानं ताट उचललं. "ताई, ओवाळणीत काय घालू?" वडील म्हणाले. "एल बोर्ड घालू का?" सगळे हसले. आत्याही हसली, ताट हलू न देता. वडील मनानं वाईट नाहीत. त्यांना बहीण प्रिय आहे. म्हणूनच सांगते, असला वार परक्यांना जमत नाही.

परत येताना गाडी मामांनी चालवली. त्यानंतर किल्ली आत्याच्या पर्समध्ये गेली नाही, टीव्हीशेजारच्या खुंटीला गेली. कुणी काढून घेतली असं नाही. मामा म्हणाले, "राहू दे तिथं, लागली तर घेऊ." आत्या ऑटोनं दवाखान्यात जायला लागली. रविवारचं नांदेड थांबलं. मी एसटीनं जायचे, आत्या फाटकापर्यंत यायची आणि म्हणायची, "वडलांना सांग, मी बरी हाय."

मी काय करणार? पत्रक लिहिलं. 'चढावर स्त्री, उतारावर समाज!' असला मथळा. खाली 'हा उठाव आता थांबणार नाही'. तीन उद्गारचिन्हं. आत्यानं चष्मा लावून सगळं वाचलं. शांतपणे घडी घातली.

"छान लिहिलंस," ती म्हणाली. "पण उठाव माझा न्हाई गेला, बाई. गाडीचा गेलाय. ते लिही."

मग भाजी निवडता निवडता ती बोलत राहिली. पुलावरून आल्यापासून तिच्या डोक्यात तेच चालू होतं. "रेस वर गेली की बोंबलती, आन् खाली जोर न्हाई. आधी असं न्हवतं. सुगीत जरा मंद झालती, पण बंद कदी पडली? पाइप बसल्यावर पडली. मामा चढले ते लई रेस देऊन चढले. मी तशी देत न्हाई. माज्यासारकं चालवणाऱ्यालाच त्या पाइपानं धरलंय."

ते वाक्य मी लिहून घेतलं नाही, पण विसरलेही नाही. त्यानंतर मी जिथं बोनेट उघडं दिसेल तिथं उभी राहून विचारायला लागले. गॅरेजवाले, टॅक्सीवाले, कॉलेजातली गाडीवेडी पोरं. बरंच वाचलं. जे कळलं ते सोप्यात सांगते. कंपनीचा तो काळा डबा दिसायला फालतू असतो, पण त्याचं नळकांडं लांब आणि बेताचं अरुंद असतं, आणि त्याचं तोंड इंजिनापासून लांब, थंड हवेशी असतं. इंजिन हळू फिरत असतं तेव्हा ते थोडीच हवा ओढतं. नळी अरुंद असली तर ती थोडी हवासुद्धा वेगात, धक्क्यानं आत जाते. चूल फुंकायला आपण फुंकणी घेतो. नरसाळं घेऊन चूल फुंकणारी बाई मी तरी पाहिली नाही. दुकानदारानं इंजिनाची फुंकणी काढून नरसाळं दिलं. वर नरसाळ्याचं तोंड इंजिनाच्या शेजारीच उघडं ठेवलं. गर्दीत गाडी उभी राहिली की तिथली हवा तापते, आणि तापलेली हवा पातळ असते. म्हणजे चढावर, थांबून, गर्दीत, नेमक्या ज्या वेळी खालून जोर पाहिजे, तेव्हाच तो कमी. इंजिन भरधाव फिरायला लागलं की रुंद पाइपाचा थोडा फायदा होतो, आणि आवाज तर होतोच. रेसमध्ये पळणाऱ्यांनी तो खुशाल लावावा. आत्या त्या फायद्याच्या जागी आयुष्यात कधी गेली नव्हती. फरक तसा थोडाच असतो, हेही सांगते, कारण खोटं लिहायचं नाही. पण जुनी छोटी गाडी, आत माणसं, डबे, समोर चढ, मागं ऑटो. तिथं थोडाच फरक पुरतो.

आम्ही दोघी दुकानात गेलो. आत्यानं जुना डबा मागितला.

"तो भंगारात गेला मॅडम. कवाच."

"मग हे काढून कंपनीचा बसवा."

दुकानदार माझ्याकडं बघून हसला. आत्याकडं बघून न हसता म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. प्रॉब्लेम गाडीचा न्हाई, ड्रायव्हिंगचा हाय. थोडी रेस जास्त ठेवत जावा. साहेबांना इचारा, त्यायला कसं जमतंय."

मी तोंड उघडलं. आत्यानं माझं मनगट धरलं. दवाखान्यात नातेवाइकांना आवरायची तिची पकड होती ती. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्याच्याशी भांडून गाडी उठती का?"

उठली नसती, खरंय. पण मला अजून वाटतं, भांडायला पाहिजे होतं.

घरी तिनं मामांना सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा हाच स्वभाव आहे, ते ऐकतात फार छान. "असंल बी," ते म्हणाले, "पण आता आपलं वय झालं. कशाला जिवाला घोर? गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू." बाजारातला उठाव मात्र खरा निघाला होता. लाल पाइप बघूनच एक पोरगा दोनदा येऊन गेला, आणि शेवटी औशाच्या एका शिक्षकांनी गाडी नेली. गाडी आत्याच्या नावावर होती, सही तिचीच लागली. तिनं केली. मी तिला विचारलं, का केलीस? ती म्हणाली, "रोज खुंटीला बघण्यापेक्षा बरं." नंतर ती गच्चीवर वाळवण बघायला गेली आणि बराच वेळ आली नाही. वाळवणाचे दिवस नव्हते ते.

पुढच्या उन्हाळ्यात कसल्याशा कागदावर आत्याची एक सही राहिल्याचा शिक्षकांचा फोन आला. ते येतो म्हणत होते. आत्याच म्हणाली, "आमी येतो, तेवढंच फिरणं हुईल." आम्ही एसटीनं औशाला गेलो. गाडी त्यांच्या अंगणात उभी होती, धुतलेली. सरांच्या बायकोनं पन्हं दिलं. सही झाली. मग आत्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडी कशी हाय, सर?"

"लई गुणी हाय बगा. फक्त तो आवाज काढून टाकला. आमचं बारकं पोरगं झोपंना त्या आवाजानं. शाळेत बी पोरं चिडवायली, सर, इमान आलं इमान. म्हणून भंगारातून जुना डबा आणला, नवा फिल्टर टाकला."

आत्या पन्ह्याचा पेला हातात धरून बसली होती. "चढाला?"

"चढाला काय हुतंय? जाती की गुमान." सरांनी तिच्याकडं बघितलं. कदाचित त्यांना तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल. "बगा की चालवून. तुमचीच हाय."

किल्ल्याकडचा भाग तिथं खोलगट आहे. तिथून वर यायला एक चांगला चढ लागतो. आत्या चालवत होती, मी शेजारी, सर मागं. तिनं काच खाली केली. चढाच्या बरोबर मध्ये तिनं गाडी थांबवली. मागं कुणी नव्हतं, पुढं कुणी नव्हतं, एक शेळी तेवढी भिंतीच्या सावलीला उभी होती. सर म्हणाले, "काय झालं मॅडम?" आत्यानं हँडब्रेक ओढला. पहिला टाकला. क्लच अर्धा सोडला. गाडीचं तोंड जरासं वर आलं, अंगात जोर आल्यासारखं. तिनं हँडब्रेक सोडला आणि गाडी निघाली, काही न बोलता, सरळ वर. वर पोचल्यावर आत्यानं गाडी वळवली, खाली आणली आणि पुन्हा चढावर मध्येच थांबवली. पुन्हा निघाली. सरांना काहीच कळेना, पण माणूस भला, गप्प बसला.

अंगणात गाडी लावून तिनं किल्ली त्यांच्या हातात दिली. "संभाळा," म्हणाली.

एसटीत मला वाटलं ती रडेल. रडली नाही. लातूर येईपर्यंत खिडकीतून बघत राहिली आणि तिचा डावा पाय मध्येमध्ये हलत होता, क्लच सोडल्यासारखा. मी बोलले नाही. गप्प बसायला मी तिच्याकडूनच शिकले होते.

मामांना सांगितलं. "म्हंजे पाइपच हुता तर," ते म्हणाले, आणि खरंच वाईट वाटलं त्यांना. पण वाईट वाटून गाडी येत नाही. वडिलांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "जाऊ दे गं, गंमत होती ती." आणि पुढच्या दिवाळीत तीच गंमत पाव्हण्यांपुढं पुन्हा सांगितली. लग्नांत सांगतात, बारशात सांगतात. आत्या आता रिटायर झालीय. लायसन तिचं चालू आहे. आज लातुरात तिला कुठंही जायचं तर ती ऑटोला हात करते, आणि चढाला तो ऑटोवाला रेस देऊन इंजिन ओरडवतो तेव्हा डोळे मिटून घेते. नांदेडला ती गेल्या भाऊबीजेला आली नाही. गुडघा दुखतो म्हणाली.

तिचा गुडघा मला माहीत आहे.

आता तुमच्याकडं वळते, कारण तुम्ही हे इथवर वाचलंय. तुमच्या घरात कुणीतरी बाई गाडी चालवायची आणि आता चालवत नाही. आई असेल, काकू असेल, बायको असेल. ती का थांबली याचा एक किस्सा तुमच्याकडं तयार आहे, आणि तो सांगताना तुम्ही हसता. तो किस्सा आजपासून बंद करा. तिनं 'गाडी उठत नाही' म्हटलं होतं तेव्हा बोनेट उघडलं होतं का, हे स्वतःला विचारा. नसेल उघडलं, तर आज उघडा. कुणी काय बसवलंय बघा. मूळचा डबा शोधा, फिल्टर नवा टाका. मग किल्ली तिच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारच्या सीटवर बसा. चढ आला की गप्प बसा.